मॅन्टल बाराशे डॉलरला मिळतोय, घेऊ का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. तेरा वर्षांची लेक सॉफ्टबॉल खेळते आणि बेसबॉलच्या जुन्या दिग्गजांचं तिला भलतंच वेड आहे. तिच्यासाठी (खरं तर माझ्यासाठीही) जुनी कार्डं जमवायची आहेत. वर्षाला पंधराशे डॉलर बाजूला काढू शकतो. परवा एका घरगुती सेलमध्ये टॉप्स कंपनीचं १९५२ चं मिकी मॅन्टलचं कार्ड दिसलं. जाड अ‍ॅक्रिलिकच्या दोन तुकड्यांमध्ये चार स्क्रूंनी आवळून ठेवलंय. मालक बाराशे मागतोय, तेही रोख. उघडून दाखवायला तयार नाही, हवा लागली की किंमत उतरते म्हणतो. शनिवारपर्यंत थांबतो म्हणालाय. घेऊ का? नाहीतर सुरुवात कुठून करू? आणि ग्रेडिंग, म्हणजे कंपनीकडून तपासून, दर्जाचा आकडा लावून बंद डबीत घालून घेणं, करावं का? – एक वाचक

उत्तर : घेऊ नका.

मालक लबाडच असेल असं नाही, त्यालाही ते खरं वाटत असेल. पण भाव बघा. १९५२ चं खरं मॅन्टल मधोमध घडी पडलेलं, कोपरे झिजलेलं, ग्रेडिंगच्या सगळ्यात खालच्या पायरीवरचं असलं तरी पाच आकडी डॉलरांत जातं. वरच्या टोकाला तर २०२२ च्या ऑगस्टमध्ये एसजीसी या ग्रेडिंग कंपनीने १० पैकी ९.५ दर्जा दिलेलं एक कार्ड हेरिटेज या लिलावघरात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं आणि तो आकडा सगळ्या बातम्यांत आला. तेव्हा नाव आणि साल दोन्ही सांगून बाराशे मागणाऱ्याने एक तर ते तपासून घेतलेलं नाही, नाहीतर तपासून घेतलंय आणि निकाल त्याला ठाऊक आहे. यातलं काहीही असलं तरी बाराशे तुमचे जाणार.

हवेची गोष्ट खोटी आहे. उलट स्क्रूच्या त्या डबीनेच कार्डांचं जास्त नुकसान केलंय. ऐंशी-नव्वदच्या दशकांत ती सर्रास वापरत. स्क्रू जास्त आवळले की पुठ्ठा दाबला जातो, पातळ होतो, किंचित पसरतो. अशी कार्डं ग्रेडिंगला गेली की फेरफार झालेली म्हणून परत येऊ शकतात. म्हणजे कार्ड खरं निघालं तरी डबीने त्याची किंमत खाल्लेली असू शकते.

शनिवारी नुसतं बघायला मात्र जरूर जा, हात बसेल. डबी न उघडताही एक गोष्ट कळते : माप. १९५२ चं टॉप्स कार्ड २ ५/८ इंच रुंद आणि ३ ३/४ इंच उंच, म्हणजे साधारण ६६.७ बाय ९५.३ मिलिमीटर. टॉप्सने १९८३ मध्ये याच सेटचं पुनर्मुद्रण काढलं ते आजच्या नेहमीच्या मापात, २ १/२ बाय ३ १/२ इंच, म्हणजे ६३.५ बाय ८८.९ मिलिमीटर. १९९६ मध्येही कंपनीने मॅन्टलच्या जुन्या कार्डांची पुनर्मुद्रणं नव्या पाकिटांत घातली होती. अ‍ॅक्रिलिकवर पट्टी ठेवून उंची ८९ च्या आसपास भरली तर विषय तिथेच संपला. ९५ भरली तर एवढंच कळलं की ते पुनर्मुद्रण नाही. मोठ्या मापाच्या बनावट प्रतीही ढिगाने आहेत.

मग पाठ बघा. जुनी पैठणी घेताना आपण पदर उलटून बघतो, तसं कार्ड आधी उलटायचं. पुनर्मुद्रणावर मागे बारीक अक्षरांत तसं छापलेलं असतं आणि फसवणारे ती ओळ खरवडून किंवा घासून काढतात. त्या जागी पुठ्ठा खडबडीत, फिकट आणि पातळ लागतो. मॅन्टलच्या या कार्डाचा क्रमांक ३११, तो मागे चेंडूच्या चित्रात असतो. या चेंडूची शिवण काही कार्डांवर उजवीकडे, काहींवर डावीकडे वळलेली आढळते. दोन्ही खरी आहेत, हे कार्ड एकाच शीटवर दोनदा छापलं जाई म्हणून हा फरक पडला. विक्रेता एका शिवणीला 'दुर्मीळ चूक' म्हणून जास्त पैसे मागायला लागला तर हसून सोडून द्या.

या कार्डाबद्दल दोन गैरसमज फार पसरलेत. एक म्हणजे हे मॅन्टलचं पहिलं कार्ड. पहिलं कार्ड बोमन कंपनीचं, १९५१ चं, क्रमांक २५३. दुसरा म्हणजे हे अतिदुर्मीळ आहे. ३११ ते ४०७ ही १९५२ ची शेवटची मालिका दुकानांत उशिरा आली, तोवर पोरं फुटबॉलकडे वळली होती आणि माल पडून राहिला. तो शिल्लक माल १९६० मध्ये टॉप्सच्या साय बर्गर यांनी तराफ्यावर लादून अटलांटिकमध्ये बुडवला. हे सगळं खरं. पण दोनदा छापल्यामुळे त्या मालिकेतल्या बहुतेक साध्या खेळाडूंपेक्षा मॅन्टलच जास्त उरलाय. त्याची किंमत नावाची आहे, संख्येची नव्हे. खरेदीला निघताना हा फरक डोक्यात ठेवा, कारण 'दुर्मीळ' हा शब्द विक्रेत्याच्या तोंडी फार स्वस्त असतो.

आता पंधराशेत काय करायचं ते बघू.

आमचं मत असं : पहिली दोन वर्षं पदार्पणाच्या, म्हणजे रुकी कार्डांकडे ढुंकूनही पाहू नका. हँक आरनचं १९५४ चं क्रमांक १२८, प्वेर्तो रिकोच्या रॉबर्टो क्लेमेंटेचं १९५५ चं १६४, कूफॅक्सचं त्याच वर्षीचं १२३, नोलन रायनचं १९६८ चं १७७. बनावटीचं आणि काटछाटीचं सगळं कसब या कार्डांवर चालतं, कारण पैसा तिथे आहे. त्याच खेळाडूंची मधल्या आणि उतरत्या काळातली कार्डं घ्या. खेळाडू तोच, कारखाना तोच, पुठ्ठा तोच आणि किंमत एखाद-दुसऱ्या शून्याने कमी.

सुरुवात क्लेमेंटेपासून करा, लेकीला आवडेल. १९७३ चं क्रमांक ५० घ्या. ३१ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान कोसळून तो गेला, हे कार्ड त्यानंतर बाजारात आलं. मध्यम अवस्थेतलं चांगलं कार्ड दोन आकडी डॉलरांत मिळून जातं. त्याच्याशेजारी १९६९ चं क्रमांक ५० ठेवा आणि नाव वाचा. टॉप्सने पन्नाशीच्या उत्तरार्धापासून त्याला 'बॉब क्लेमेंटे' करून टाकलं होतं. १९७० च्या ३५० क्रमांकावर 'रॉबर्टो' परत आलं. नाव इंग्रजी जिभेला सोपं करून घेतल्याचा अनुभव आपल्यातल्या अनेकांना आहे, त्यामुळे ही जोडी तेरा वर्षांच्या मुलीला समजवायला फार बोलावं लागणार नाही.

आरनची दोन घ्या. १९७४ चं क्रमांक १ त्याला 'होम रनचा नवा सम्राट' म्हणून जाहीर करतं. गंमत अशी की १९७३ चा हंगाम त्याने ७१३ वर संपवला होता आणि बेब रूथचा ७१४ चा विक्रम ८ एप्रिल १९७४ ला मोडला. कार्ड त्याआधीच छापून तयार! दुसरं १९५७ चं क्रमांक २०, थोडं महाग पडेल, वर्षाअखेरीला घ्या. त्यात उजव्या हाताने खेळणारा आरन डावखुरा दिसतो, कारण फोटोची निगेटिव्ह उलटी छापली गेली. जर्सीवरचा ४४ आकडाही उलटा आहे. सगळीच कार्डं अशी असल्यामुळे 'चुकीचं छापलेलं, म्हणून दुप्पट भाव' ही थाप ऐकून घेऊ नका.

विली मेझचं १९७२ चं ४९ आणि १९७३ चं ३०५ सोपी आहेत. मॅन्टल हवाच असेल तर १९६९ चं क्रमांक ५०० बघा, त्याच्या कारकिर्दीतलं टॉप्सचं शेवटचं. पण घेताना नावाच्या अक्षरांचा रंग तपासा. आडनाव पिवळ्या अक्षरांत असेल तर नेहमीचं. पांढऱ्या अक्षरांतलं बरंच कमी मिळतं आणि पुष्कळ महाग आहे. पिवळी शाई पुसून पांढरं केलेली प्रकरणं होतात, म्हणून पांढऱ्या अक्षरांचं कार्ड ग्रेडिंगच्या बंद डबीतलंच घ्यावं.

क्रमांकाकडे आणखी एका कारणासाठी लक्ष द्या. १९७३ पर्यंत टॉप्स एका वर्षाचा सेट टप्प्याटप्प्याने काढायची आणि शेवटचा टप्पा कमी छापायची. १९६७ मध्ये ५३४ पासून पुढे, १९७२ मध्ये ६५७ पासून पुढे भाव एकदम चढतात. म्हणून टॉम सीव्हरचं १९६७ चं ५८१ खिशाला जड आहे : रुकी कार्ड आणि शेवटचा टप्पा, दोन्ही एकत्र. १९७४ पासून सगळा सेट एकदम येऊ लागला आणि हा प्रश्न संपला.

सुटं घ्यायचं की ग्रेडिंग झालेलं? दोनशे डॉलरच्या खाली सुटं, वर गेलात तर पीएसए किंवा एसजीसी या ग्रेडिंग कंपन्यांच्या डबीतलं. ही रेघ आमच्या अंदाजाची आहे, तुमचा डोळा बसला की वर सरकवा. सुटं घ्यायला निघताना खिशात चार वस्तू असू द्या : दहापट भिंग, मिलिमीटरची पट्टी, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च आणि ज्या वर्षाचं कार्ड घ्यायचंय त्याच सेटमधलं एखाद्या अनामिक खेळाडूचं कार्ड. चौथी वस्तू सगळ्यात कामाची. १९७१ चं साधं कार्ड एक-दोन डॉलरला मिळतं. पुठ्ठ्याची जाडी, पाठीचा रंग, चकाकी, छपाईचे ठिपके, अतिनील उजेडात दिसणारी छटा, सगळं त्याच्याशी ताडून बघता येतं.

भिंगातून काय दिसायला हवं? चेहरा आणि मैदान ठिपक्यांच्या जाळीने बनलेलं असतं, पण नावाची काळी अक्षरं आणि चौकटीच्या रेघा सलग, भरीव शाईच्या असतात. खऱ्या कार्डाचं स्कॅन काढून बनावट छापलं की अक्षरंही ठिपक्यांची होतात आणि कडा पिसारतात. नवख्याला वापरता येईल अशी याहून चांगली कसोटी नाही. अतिनील टॉर्चचं मर्म वेगळं. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या पुठ्ठ्यात पांढरेपणा वाढवणारी रसायनं नसत, त्यामुळे १९३३ चं गाउडी कंपनीचं किंवा १९०९ ते १९११ च्या टी२०६ या सिगारेट-पाकिटांतल्या मालिकेतलं म्हणून विकलं जाणारं कार्ड निळसर-पांढरं झळकलं की ते परत ठेवा. पन्नाशीनंतरच्या कार्डांत मात्र नुसत्या झळाळीवर निकाल देऊ नका, सोबत नेलेल्या साध्या कार्डाइतकीच झळाळी आहे का ते बघा.

बनावटीपेक्षा काटछाट जास्त फसवते, कारण कार्ड खरंच असतं. झिजलेली कड पाव मिलिमीटर कापली की कोपरे पुन्हा टोकदार. या धंद्यातलं सगळ्यात गाजलेलं कार्ड, टी२०६ मालिकेतलं होनस वॅग्नर, जे एकेकाळी आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्कीच्या मालकीचं होतं, त्याच्या कडा कापल्याचं लिलावदार बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये न्यायालयात कबूल केलं. त्या कार्डाला पीएसएने ८ दर्जा दिला होता. म्हणून माप चारही बाजूंनी घ्या. कारखान्यातच एखाद मिलिमीटर कमी-जास्त होत असे, तेवढ्याने घाबरू नका. घाबरायचं ते या खुणांनी : तीन कडा मळकट नि चौथी कोरी पांढरी; एका टोकापेक्षा दुसऱ्या टोकाला रुंदी कमी; पाठीवर साठ वर्षांचे डाग नि कोपरे मात्र सुईसारखे. कार्ड आडवं धरून कडेकडून बघितलं की जुनी कड थोडी मऊ, तंतुमय दिसते. ताजी कापलेली कड काचेसारखी सपाट.

१९७१ च्या सेटला काळी किनार आहे आणि ती जरा धक्का लागला की पांढरी पडते. लोक तिथे काळं मार्कर फिरवतात. समोरून कळत नाही. कार्ड कडेवर उभं धरा : छापील काळा रंग फक्त वरच्या थरावर असतो, मधला पुठ्ठा राखाडी-पांढरा. मार्करची शाई त्या मधल्या पुठ्ठ्यात मुरलेली दिसते, अतिनील उजेडात बऱ्याचदा जांभळट. मेझचं त्या वर्षीचं ६०० आणि क्लेमेंटेचं ६३० घेताना ही तपासणी चुकवू नका. १९७५ च्या रंगीत किनारीलाही हेच.

सुरकुत्यांसाठी कार्ड दिव्याखाली जवळजवळ आडवं धरून सावकाश फिरवा. समोरून न दिसणारी केसाएवढी सुरकुती तेव्हा रेघेसारखी चमकते. फोटोवरून घेणार असाल तर विक्रेत्याकडे तिरक्या उजेडातला फोटो मागा. तो टाळला तर उत्तर मिळालंच. मागच्या बाजूला पाकिटातल्या च्युइंगगमचा तपकिरी डाग किंवा मेणाचा थर चालतो, किंमत कमी करून घ्यायला उपयोगी. अल्बममधून ओढून काढताना पुठ्ठ्याचा थर सोलला गेला असेल तर मात्र दर्जा थेट तळाला जातो.

तुमच्या बजेटात आमची आवड सांगायची तर ३ किंवा ४ दर्जाचं, पण मध्यावर नीट बसलेलं आणि रंग ताजे असलेलं कार्ड. कोपरे गोलसर असले तरी थोड्या अंतरावरून ते देखणं दिसतं. बाजूची पांढरी किनार मोजा : डावीकडे २ मिलिमीटर, उजवीकडे ३, म्हणजे ४०/६०, उत्तम. ५ दर्जाला पीएसए ८५/१५ सुद्धा चालवून घेते, म्हणजे चित्र एका बाजूला चिकटलेलं. असं ५ घेण्यापेक्षा मध्यावरचं ३ घ्यावं. दर्जापुढे 'ओसी' अक्षरं असतील तर ते कार्ड मध्यापासून सरकलेलं आहे असं समजा आणि भाव साधारण दोन पायऱ्या खालचा द्या.

भावासाठी ईबेवर 'विकले गेलेले' हा पर्याय लावून गेल्या तीन महिन्यांचे व्यवहार बघा. मागितलेला भाव म्हणजे निव्वळ इच्छा. यातही एक खोच आहे : घासाघीस होऊन विकलेल्या कार्डापुढे मूळ किंमत खोडलेली दिसते, प्रत्यक्ष दिलेली रक्कम त्याहून कमी असते. १३०पॉइंट या संकेतस्थळावर ती खरी रक्कम बऱ्याचदा सापडते. लिलावघरांत हातोडीच्या बोलीवर खरेदीदाराचं कमिशन चढतं, अनेक ठिकाणी वीस टक्क्यांच्या आसपास. बोली लावण्याआधी ते धरून मागे या. पैसे देताना खरेदीदाराला संरक्षण असलेलाच मार्ग वापरा. 'मित्राला पाठवतोय' या सदरात पाठवलेले पैसे परत मिळत नाहीत, आणि फी वाचवायला तेच सुचवणारे विक्रेते भरपूर भेटतील.

डबीतलं कार्ड घेतलं तरी क्रमांक ग्रेडिंग कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा. नकली डब्याही निघतात आणि त्यांवर खऱ्या कार्डाचा क्रमांक छापलेला असतो. म्हणून क्रमांक जुळला एवढ्यावर थांबायचं नाही. तिथे फोटो असेल तर किनारींची रुंदी आणि छपाईतले बारीक ठिपके जुळतात का बघा.

स्वतः ग्रेडिंगला कार्ड पाठवायची पहिल्या वर्षी गरज नाही. फी, जाण्यायेण्याचा खर्च आणि विमा मिळून जेवढे होतील त्याच्या चौपट तरी कार्डाची किंमत असावी, नाहीतर चाळीस डॉलरच्या कार्डावर तेवढाच खर्च होतो. पाठवायची वेळ आलीच तर मऊ बाहीत घालून अर्धकडक प्लास्टिकच्या खिशात ठेवा, दोन पुठ्ठ्यांमध्ये धरा, आणि चिकटपट्टी रंगाऱ्यांची निळी वापरा. पारदर्शक टेप सोडवतानाच कार्ड निसटतात. पीएसएचं कार्ड विकताना सहसा जास्त येतं, एसजीसीची काळ्या चौकटीतली डबी जुन्या कार्डांना शोभून दिसते. ठेवूनच घ्यायचं असेल तर एसजीसी.

ठेवण्याचं थोडक्यात : पीव्हीसी नसलेलं प्लास्टिक, बेसमेंट नको, माळा नको, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास, थेट ऊन नको. १९५२ ते १९५६ ची टॉप्स कार्डं मोठी असतात. नऊ खिशांच्या नेहमीच्या पानांत ती कोंबली की कोपरे दुमडतात. त्यांच्यासाठी आठ खिशांची पानं वेगळी मिळतात. रबरबँड कधीच नको, कडेवर खाच पडते.

प्रत्येक खरेदीची तारीख, रक्कम आणि पावतीचा फोटो एका शीटमध्ये लिहीत जा, हे काम लेकीकडे द्या. एक वर्षाहून जास्त ठेवून नफ्यात विकलंत तर अमेरिकेत संग्राह्य वस्तूंवर शेअरपेक्षा वेगळा, कमाल २८ टक्क्यांपर्यंतचा दर लागतो, आणि खरेदीची किंमत दाखवता आली नाही तर सगळी रक्कमच नफा धरली जाऊ शकते. संग्रह काही हजारांवर गेला की घराच्या विम्यात अशा वस्तूंना किती मर्यादा आहे ते एजंटला विचारा, बहुतेकदा ती फारच थोडी असते.

राहिला शनिवार. मालकाला सांगा, कार्ड स्वतःच्या खर्चाने ग्रेडिंगला पाठवा आणि खरं निघालं तर त्या दिवशीच्या बाजारभावाने बोलू. खरं निघालं तर ते तुमच्या आवाक्याबाहेर जाईल, खोटं निघालं तर बाराशे वाचले.